झिजलेलं जातं कुठे? ब्रेक पॅड आणि घरचा कारागीर



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची उमेद गेली त्यांनी मोटारीच्या ब्रेक पॅडवर बोलावं, हे काय प्रकरण? आम्ही आज गॅरेजचा वर्ग घेणार नाही. पण आपल्यापैकी बरेच जण, विशेषतः परदेशात असलेले श्रोते, रविवारी सकाळी घरासमोर गाडी जॅकवर चढवून ब्रेक पॅड स्वतः बदलतात. त्या तासाभराच्या कामाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न दडला आहे. तो प्रश्न आपण आज उलगडू.

आधी काम काय असतं ते पाहू, म्हणजे ज्यांनी कधी केलं नाही त्यांनाही पुढचं कळेल. चाकाचे नट सैल करायचे, गाडी जॅकवर उचलायची, खाली भक्कम स्टँड लावायचा, चाक काढायचं. समोर एक चकचकीत लोखंडी तबकडी दिसते, ती डिस्क. तिला चिमट्यासारखं धरून बसलेला असतो कॅलिपर. त्याचे बोल्ट काढले की तो वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंचे पॅड हातात येतात. जुने काढायचे, कॅलिपरमधला पिस्टन दाबून आत ढकलायचा, नवे बसवायचे, बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचे. संपलं.

आता जुना आणि नवा पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा. नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. जुन्यावर तीनेक मिलिमीटर उरलेला असतो. पुढच्या दोन चाकांचे मिळून चार पॅड. अगदी ढोबळ हिशेब केला तरी लहान गाडीत पाव किलोच्या आसपास माल नाहीसा झालेला असतो. तो गेला कुठे?

मराठीत 'झिजणं' या शब्दाला मोठा मान आहे. एखादा माणूस चंदनासारखा झिजला, असं आपण म्हणतो. चंदन झिजतं तेव्हा त्याचा सुगंध होतो, म्हणून त्या झिजण्याचं कौतुक. ब्रेक पॅडही दुसऱ्यासाठीच झिजतो, आपला जीव वाचावा म्हणून. पण त्याच्या झिजण्याची होते धूळ. झिजणाऱ्याचं कौतुक आपण करतो, झिजलेल्याची चौकशी मात्र करत नाही. ती चौकशी म्हणजे आजचं व्याख्यान.

सुरुवात करू १८८८ सालच्या ऑगस्टपासून. जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल बेंझ यांनी मोटार बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांची पत्नी बेर्था बेंझ एके दिवशी नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती गाडी बाहेर काढते आणि शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला, आपल्या माहेरी जाते. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, हे आपण ऐकलेलं असतं. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे होते. उतारांवर ते भराभर झिजायला लागले. तेव्हा बेर्थाबाईंनी वाटेतल्या एका चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथे मानतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, गाडीच्या मालकाच्या घरच्या माणसानेच ब्रेकची दुरुस्ती करवून घेतली. गॅरेज तेव्हा नव्हतंच. दुसरी गोष्ट विचारांच्या दृष्टीने महत्त्वाची. चामड्यामुळे ब्रेकची रचनाच दोन भागांत वाटली गेली : एक टिकाऊ भाग आणि एक झिजायचा भाग. झिजायचाच आहे तर तो वेगळा असू दे, स्वस्त असू दे, बदलता येऊ दे. आजचा पॅड हे याच कल्पनेचं अपत्य आहे.

पुढची पायरी इंग्लंडमध्ये. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात चॅपल-एन-ल-फ्रिथ नावाचं गाव आहे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने तिथे पाहिलं की उतारावरून गाडे नेताना शेतकरी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचा तुकडा लावतात. म्हणजे इथेही चामडंच. फ्रूड यांनी १८९७ च्या सुमारास घरीच प्रयोग सुरू केले आणि त्यातून घर्षणाचा माल बनवणारी 'फेरोडो' ही कंपनी उभी राहिली. ते नाव त्यांच्याच आडनावाची अक्षरं फिरवून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावाचं एक अक्षर मिसळून केलेलं आहे. सुरुवातीला त्यांनी कापडाच्या पट्ट्यांना राळेसारखी द्रव्यं पाजून लायनिंग केलं. पण ब्रेक लावला की गाडीच्या गतीची सगळी ऊर्जा उष्णता होऊन तिथेच गोळा होते, आणि कापूस उष्णतेने करपतो. न जळणारा धागा हवा होता. तो मिळाला : ॲस्बेस्टॉस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'न विझणारं'. दगडासारखं खनिज, पण पिंजलं की कापसासारखं सूत निघतं. आग लागत नाही, स्वस्त आहे, घट्ट पकडतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ब्रेकच्या लायनिंगमध्ये ते शिरलं आणि काही लायनिंगांत त्याचं प्रमाण निम्म्याच्या घरात गेलं.

यंत्राच्या बाजूने काय घडत होतं ते भराभर सांगतो. १९०२ साली दोन वेगळ्या वाटा निघाल्या. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रम ब्रेकला आकार दिला. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण धातूवर धातू घासून तो इतका किंचाळायचा की पन्नास वर्षं तो मागेच पडला. १९१७ मध्ये अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. पायाचा दाब द्रवामार्फत चारही चाकांना सारखा पोचवायचा, ही ती कल्पना. १९२१ च्या ड्युझेनबर्ग गाडीत तो आला. मग १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने बाजी मारली, आणि १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस ही गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊन सर्वसामान्य गिऱ्हाइकांपुढे आली. ड्रममध्ये उष्णता कोंडते, डिस्क उघडी असल्याने तिला वारा लागतो. घाट उतरताना ब्रेक 'धरेनासे' होतात हा अनुभव जुन्या गाड्या चालवलेल्यांना असेल, त्याचं कारण ही कोंडलेली उष्णता.

घरच्या कारागिराच्या दृष्टीने मात्र डिस्कने एक वेगळीच क्रांती केली. ड्रमच्या काळात लायनर ब्रेक शूवर रिव्हेट मारून बसवावा लागे. आपल्याकडे सुरुवातीच्या ॲम्बॅसिडर किंवा फियाटला सगळीकडे ड्रमच असायचे, आणि 'लायनर मारून आणणं' हे त्यासाठीच्या दुकानाचं काम असायचं. डिस्कच्या पॅडला मुळी रिव्हेट मारायलाच नको. जुना काढा, नवा सरकवा. नेमक्या त्याच सुमारास पुस्तकंही आली. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीचं मॅन्युअल काढलं. गाडी प्रत्यक्ष सुटी करून पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचं छायाचित्र द्यायचं, ही त्यांची पद्धत. जी विद्या उस्तादाच्या हाताखाली राबून मिळायची, ती पुस्तकाच्या दुकानात मिळायला लागली. आम्हा शिक्षकांना याचा आनंदच वाटायला हवा. विद्या खुली झाली.

पण विद्या खुली झाली तेव्हा तिच्याबरोबर ड्रममध्ये आणि कॅलिपरमागे साठलेली धूळही घरी आली.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातण्याचं काम करत असे. १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी ती फुप्फुसं निकामी होऊन गेली. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून ती हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढे या रोगाला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव पडलं. ती ज्या उद्योगसमूहात काम करत होती, त्याच समूहात १९२० च्याच दशकात फेरोडो कंपनी सामील झाली. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस या दोघांचा सरकारी अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांना हा रोग होता, चारात एकाहून जास्त. १९३१ मध्ये नियम झाले. कुणासाठी? ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. तयार लायनर गाडीवर बसवणारा मिस्त्री त्या नियमांच्या बाहेरच राहिला.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या संशोधकांनी ब्रेक दुरुस्तीच्या वेळी उडणाऱ्या धुळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रम उघडायचा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ झटकून टाकायची, ही जगभरच्या गॅरेजची रीत होती. आपल्याकडे आजही ती दिसते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : या बाबतीत शास्त्रज्ञांत वाद आहे. ब्रेकच्या उष्णतेने ॲस्बेस्टॉसचा बराचसा भाग दुसऱ्या, निरुपद्रवी खनिजात बदलतो, त्यामुळे मिस्त्रींना असलेला धोका कारखान्यातल्या कामगारांइतका नाही, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की काही तंतू शिल्लक राहतात आणि नवे लायनर घासताना, कानशीने तासताना तर ते ताजेच उडतात. अमेरिकेच्या न्यायालयांत यावर वर्षानुवर्षं खटले चालले. वाद मिटलेला नसताना श्वास कुणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेची वाट पाहत थांबू शकत नाही.

अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्ये ब्रेक मिस्त्रींसाठी मार्गदर्शिका काढली. १९८९ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या बहुतेक वस्तूंवर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर केली. १९९१ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या बंदीचा मोठा भाग रद्द केला. कमी जाचक उपाय पुरेसा नव्हता हे संस्थेने सिद्ध केलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. १९९४ मध्ये कामगार सुरक्षेचे नियम कडक झाले : आठवड्याला पाचपेक्षा जास्त गाड्यांचे ब्रेक करणाऱ्या गॅरेजने धूळ बंदिस्त ओढून घेणारं यंत्र किंवा ओलं करून धुण्याची पद्धत वापरायची. चांगली गोष्ट झाली. पण पुन्हा तोच प्रश्न : कुणासाठी? पगारी कामगारासाठी. घरासमोर गाडी उघडून बसलेला माणूस स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर. त्याच्याकडे इन्स्पेक्टर येत नाही, आणि यावा असंही आपण म्हणणार नाही.

अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १७०० साली, बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्यांना त्याने सांगितलं होतं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : तू काम काय करतोस? या एका प्रश्नातून एक अख्खं वैद्यकशास्त्र उभं राहिलं. पण आपल्या घरच्या कारागिराला हा प्रश्न विचारला तर तो काय उत्तर देईल? 'बँकेत आहे.' 'शाळेत शिकवतो.' वीस वर्षं तो दर रविवारी ब्रेक साफ करतोय, हे केसपेपरवर येणारच नाही. आणि या धुळीचे रोग दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षंही लागतात. ज्याने आयुष्यभर स्वखुशीने, फुकट काम केलं, त्याचं कामच नोंदीत नाही. गृहिणींच्या बाबतीत, चुलीच्या धुराच्या बाबतीत आपण हेच पाहिलं आहे. ज्या कामाला पगार नाही, त्या कामाला इजाही नाही असं समाज धरून चालतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत घाटकोपरला 'हिंदुस्थान फेरोडो' हा कारखाना अनेक दशकं ब्रेकचं लायनिंग बनवत होता. डर्बीशायरच्या त्या फ्रूड यांचंच नाव इथवर पोचलेलं होतं. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९९५ च्या जानेवारीत निकाल लागला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं, आणि रोग झालेल्यांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षं हा आकडा बघा. रोग उशिरा येतो हे न्यायालयाने ओळखलं होतं. नोंदच नसेल तर न्यायही नसतो.

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉस बंद केलं, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आली. अमेरिकेला सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेकच्या मालासाठी स्पष्ट बंदीचा नियम करायला २०२४ चा मार्च उजाडला. या बंदीचं महत्त्व असं की घरच्या कारागिराला पहिल्यांदा खरं संरक्षण मिळालं ते यातून. कामाच्या जागेवरचा कायदा त्याच्यापर्यंत पोचला नाही, वस्तूवरचा कायदा पोचला. आपल्या देशात वापरावर सरसकट बंदी आजही नाही. त्यामुळे पॅड घेताना खोक्यावर ॲस्बेस्टॉस नसल्याचं लिहिलंय का, हे बघण्याची जबाबदारी आपली. दुकानदार स्वस्तातलं बिननावाचं खोकं पुढे करेल, तेव्हा दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

ॲस्बेस्टॉस गेलं म्हणजे धूळ गेली असं नाही. त्याच्या जागी पोलादाचे, काचेचे, अरामिडचे तंतू आले, आणि उष्णता वाहून न्यायला तांबं आलं. ते तांबं रस्त्यावर पडून पावसाबरोबर नद्यांत गेलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सामन माशांची वास घेण्याची शक्ती तांब्याने मंदावते असं दिसून आलं. म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे कायदे केले. आणि २०२४ मध्ये युरोपने 'युरो ७' नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली : इंजिनाच्या साध्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या मोटारीला ३. सव्वाशे वर्षांनी कायद्याने तोच प्रश्न विचारला, जो आपण सुरुवातीला दोन पॅड शेजारी ठेवून विचारला होता.

हा सगळा क्रम एका दमात पाहा. आधी सूत कातणारी बाई दिसली, मग कारखान्यातला कामगार, मग गॅरेजमधला मिस्त्री, मग नदीतला मासा, मग रस्त्यावरून चालणारा कुणीही. प्रत्येक वेळी कुणाची तरी आजारी काया पुढे आली तेव्हा नजर रुंदावली. आपण रविवारी जी काळजी घेतो ती आपल्या हुशारीची कमाई नाही. ती या लोकांकडून उसनी घेतलेली आहे.

मग घरी काम करूच नये का? आमचं मत तसं नाही. स्वतःच्या हाताने पॅड बदलणाऱ्या माणसाला आपली गाडी कशाच्या आधारावर थांबते हे ठाऊक असतं, आणि ज्याला ते ठाऊक असतं तो गाडी अधिक जपून चालवतो. आता अनेक गाड्यांचा पार्किंग ब्रेक विजेवर चालतो आणि मागचे पॅड बदलायला कंपनीचं संगणकी उपकरण लागतं. खुली झालेली विद्या पुन्हा कुलपात चालली आहे, आणि त्याचंही आम्हाला वाईट वाटतं. पण हक्क मागायचा तर त्याबरोबरची शिस्तही मागून घ्यायला हवी.

ती शिस्त साधी आहे. धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका. ब्रेक क्लीनरने किंवा पाण्याने ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका. त्या वेळी पोरं आसपास नकोत. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, कारण नवऱ्याचे कपडे धुता धुता आजारी पडलेल्या बायकांचाही एक इतिहास आहे. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. पिस्टन मागे ढकलला की ब्रेक ऑइल वर चढतं, ते सांडू देऊ नका. आणि सगळं झाल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, पॅडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पॅडल थेट तळाला जातं. त्या पहिल्या दाबाच्या वेळी समोर रस्ता ओलांडणारं कुणी नसावं. शंका आली, पाइप फुगलेला दिसला, ऑइल झिरपताना दिसलं, तर काम थांबवून जाणत्या मिस्त्रीला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

या मालेत पुढच्या वेळी आपण टायरकडे वळू, तिथेही हाच झिजेचा प्रश्न आहे. आता प्रश्न असतील तर विचारा.